तीन वर्गण्या आणि ताईची अकरा गाणी

मी, महाविद्यालयाची निवृत्त ग्रंथपाल, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मुलाला किंवा मुलीला शंका असल्यास त्यांनी आधी स्वतःचे पासवर्ड न बघता म्हणून दाखवावेत. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्या माझ्या मुलांचे फोन उचलत नाहीत, हीच त्यांची पात्रता.

१. राहते घर व बँकेतील ठेवी मुलगा आणि मुलगी यांना समसमान. यावरून भांडण होणार नाही. दोघांचा जीव गाण्यांच्या ॲपच्या वर्गण्यांत अडकलेला आहे.

२. वर्गण्या तीन. पहिली मुलाची, तिच्यात मी 'कुटुंबातील सदस्य' आहे. दुसरी मुलीची, तिच्यातही मी सदस्य आहे, कारण "दादाच्या ॲपवर आवाज चपटा येतो गं आई." तिसरी माझ्या दिवंगत पतींची. ती कोणी बंद केली नाही, कारण मुलाला वाटले मुलीने केली आणि मुलीला वाटले मुलाने. तिन्हीकडे तीच गाणी आहेत आणि हवे ते एकही वेळेवर सापडत नाही. माझ्या हाताखालच्या कोणी एका पुस्तकाच्या तीन प्रती तीन मजल्यांवर ठेवल्या असत्या, तर मी त्याला घरी पाठवले असते. पहिल्या दोन वर्गण्यांतून माझे नाव काढावे. "आई, तुझ्यामुळे ते मला जिममध्ये विरहगीतं सुचवतं," ही मुलाची जुनी तक्रार. त्याची सुटका होईल.

३. हेडफोन मुलीला. चपटा आवाज तिलाच कळतो. पुस्तकांची कपाटे मुलाला, या अटीवर की पुस्तके विषयवार राहतील, रंगवार नव्हे. सुनेने एकदा तसे केले होते. मी विसरलेले नाही.

४. आता मुख्य विषय. माझी थोरली बहीण, ताई, तरुणपणी घरी आणि छोट्या सभागृहांत जुनी गाणी गात असे. तिच्या बासष्ट गाण्यांच्या कॅसेट माझ्याकडे होत्या. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिचे गाणे थांबले, तेव्हा मी त्या संगणकावर उतरवल्या आणि भंगारात दिल्या, कारण दोन प्रती म्हणजे अडगळ. मग प्रत्येक गाण्याची शिस्तीत नोंद केली. 'गायक' या रकान्यात मूळ गायिकेचे नाव भरले. नोंद मूळ कर्त्याच्या नावे करायची, हे मी छत्तीस वर्षे इतरांना शिकवले.

मुलाने ती गाणी क्लाउडवर चढवली. क्लाउडने माझ्या निर्दोष नोंदी वाचल्या, ही गाणी आपल्याकडे आहेतच असे ठरवले आणि ताईच्या जागी मूळ गायिकेला बसवले. बासष्टच्या बासष्ट. नंतर संगणकाने 'जागा मोकळी करू का?' असे विचारले. मुलाने मला विचारले आणि मी हो म्हटले. संगणकावरच्या ताईच्या आवाजातल्या प्रतीही पुसल्या गेल्या.

हे कळले ताईच्या नातीच्या लग्नात. ताईने स्वतःचे एक गाणे मागितले, मी न ऐकताच पाठवले आणि सगळ्यांसमोर भलताच आवाज लागला. नंतर ताई फोनवर म्हणाली, "माझा आवाज पसंत नव्हता तर तसं सांगायचंस." मी म्हणाले, "एवढी किंमत होती तर तू का नाही सांभाळून ठेवलंस?" त्याला चार वर्षे झाली. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

५. या चार वर्षांत मी मुलाला "बटण तू दाबलंस" असे ऐकवत आले. ते विधान मागे घेते. घोळ माझ्या रकान्याचा होता. ही माफी त्याने इथेच वाचावी. तोंडावर मागितली तर चार जणांना सांगत सुटेल.

६. मागच्या महिन्यात पतींच्या वर्गणीच्या नूतनीकरणाची ईमेल आली, म्हणून ती प्रथमच उघडून पाहिली. कॅसेट भंगारात जाण्यापूर्वी त्यांनी अकरा गाणी उतरवून तिथे ठेवली होती. नावे अशी: 'गाणं', 'गाणं नवीन', 'गाणं नवीन खरं', 'ताई हॉलमधलं'. गायकाचा रकाना रिकामा. या माणसाच्या गबाळेपणावर मी आयुष्यभर बोलले. त्याच गबाळेपणामुळे क्लाउडला ती गाणी ओळखता आली नाहीत आणि ताईचा आवाज वाचला. वर्गणी थांबली की तीस दिवसांत सगळे पुसले जाते, म्हणून मी ती गाणी एका डिस्कवर घेतली आहेत.

७. <s>सदर डिस्क माझ्या मृत्यूनंतर ताईला द्यावी.</s>

खुलासा: हे कलम वाचून दाखवताच, साक्षीला बोलावलेल्या तळमजल्यावरच्या दंतवैद्य मध्येच बोलल्या.

"मावशी, ताईंचं वय काय?"

"एक्क्याऐंशी."

"आणि त्यांनी तुमच्या मरणाची वाट बघायची?"

वकीलबाई म्हणाल्या, "पर्यायी वारस लिहिता येईल."

"वारस कशाला? माझी गाडी खाली उभी आहे."

मी सांगितले, ताई दार उघडणार नाही.

"मग बाहेर उभं राहून मोठ्यानं लावू. कितव्या गाण्याला उघडतात ते बघू."

मी डिस्क आणून दंतवैद्यांच्या हातात दिली. वकीलबाईंनी तसे लिहायला सांगितले आहे.

सबब कलम ७ रद्द. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. डिस्क माझ्या मिळकतीत धरू नये.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी साडेअकरा

मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार पहिल्या: वकीलबाई (सही)
साक्षीदार दुसऱ्या: दंतवैद्य (सही उभ्याने केली, दुसऱ्या हातात डिस्क होती)