बाबांनी लावलेला गेम

कामतघर, भिवंडी
मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रिय जीवन,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते. माझं मत नंतर.

१. रविवारी ९ तारखेला दुपारी तू नाशिकहून घरी आलास. सोबत रंजिता आणि तिचा भाऊ कुमार. तुमचं लग्न ठरल्यावर ते दोघं पहिल्यांदाच आपल्याकडे आले होते.
२. जेवणं झाल्यावर तू म्हणालास, "चला बाबा, एक मॅच होऊ दे." तू मागे ठेवून गेलेल्या गेमवर बाबा अकरा महिने फुटबॉल खेळतायत, हे तुला माहीत होतं.
३. बाबा ३–० ने जिंकले.
४. तू म्हणालास, "बाबांनी चीटिंग केलीय. कुमार, स्पीड बघ ना, बैलगाडी चाललीय." सगळे हसले. बाबाही.
५. तू सेटिंगमध्ये जाऊन सगळं डीफॉल्टवर नेलंस. पडद्यावर सूचना आली की केलेले सर्व बदल पुसले जातील, नक्की? तू 'हो' दाबलंस.
६. मग तू आणि कुमार खेळलात. ४–३. बाबा "चहाचं बघतो" म्हणून आत गेले आणि तुम्ही निघेपर्यंत ओट्यापाशी उभे राहिले.
७. सोमवारी संध्याकाळी बाबांनी तीन मिनिटं खेळून कंट्रोलर खाली ठेवला. त्यानंतर तो उचललेला नाही.
८. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी यांच्यातलं अंतर त्या रविवारी सकाळी १.२ सेंटिमीटर होतं. आज १.९ आहे.

आठवा मुद्दा तुला कदाचित नवीन असेल, म्हणून सांगते. गेल्या वर्षी ऑक्टोबरात कारखान्यात लूमच्या, यंत्रमागाच्या, पट्ट्यात बाबांचा अंगठा गेला, शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तू चार दिवस इथे होतास. प्लास्टर निघालं तेव्हा नव्हतास. अंगठा लाकडासारखा झाला होता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबराचा चेंडू दिला आणि सांगितलं, रोज दाबायचा, अंगठा करंगळीला टेकेपर्यंत. त्या असंही म्हणाल्या की वर्षभरात, म्हणजे या येत्या जानेवारीपर्यंत, जे सुटेल तेवढंच सुटेल, पुढे हात तसाच राहतो. बाबांनी चेंडू खिडकीत नेऊन ठेवला. "मना लहान पोर समजली काय ती?" म्हणाले. त्याच सुमारास मालकाने लूम भंगारात काढले, म्हणजे परत जाण्यासारखं कामही उरलं नाही. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे लूम लावून देणारा जॉबर घरात बसून पंख्याचा आवाज ऐकायचा आणि मला सांगायचा, याची बेअरिंग गेलीय. गेली होती.

कंट्रोलर त्यांनी स्वतःहून उचलला. कपाट आवरताना सापडला, तर मला विचारलं, "यात घट्ट-सैल करायला काय हाय?" मी म्हटलं, आधी खेळून तर बघा. सगळ्यात सोप्या पातळीवर लावून दिला. चार दिवसांत नऊ-नऊ गोल मारायला लागले आणि कंटाळले. "यात लढत न्हाय. समोरचे उभे राहतात नुसते." एक पातळी वर नेली तर चेंडूला पायच लागेना, कारण अंगठा बटणावर पोचेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा. मधलं काहीच नव्हतं. मग त्यांना सेटिंगमधली ती पट्ट्यांची पानं सापडली. चौदा पट्ट्या, प्रत्येक शून्यापासून शंभरापर्यंत सरकणारी, सगळ्या पन्नासवर. धावण्याचा वेग, पासमधली चूक, फटक्यातली चूक, गोलकीपरची चपळाई, दोन खेळाडूंमधलं अंतर, असं सगळं. बाबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तो तू पाहायला हवा होतास.

वेग त्यांनी पन्नासवरून अठ्ठेचाळीसवर आणला आणि त्यावर सात मॅच खेळले. मग सत्तेचाळीस. मी सांगितलं, एकदम तीसवर जा, तिथून अंतर अर्धं-अर्धं करत वर या, आठवड्यात जमेल. मी गोदामात सेन्सर असेच लावते. म्हणाले, "तू लूम जाळशील." एका वेळी एकच पट्टी, तीही चिमूटभर, आणि पुढच्या पट्टीला हात लावायच्या आधी मधले सात सामने. आकड्याकडे बघायचेच नाहीत. पास सैल आहे, गोलकीपर आळशी आहे, आज मैदान घट्ट वाटतंय, असं म्हणत पट्टी सरकवायचे. पासमधली चूक त्यांनी मुद्दाम वाढवली तेव्हा मी विचारलं, कशाला? तुमचेच पास चुकतील. "चूक व्हायला पायजे," म्हणाले. "चूकच न्हाय झाली तर मानूस काय करनार तिथं?"

रोज रात्री आठ वाजता, वळच्या गोदामातून माझी ड्युटी संपवून मी आले की आम्हा दोघांची मॅच, दोन डाव, सहा-सहा मिनिटांचे. मला तो खेळ आवडत नाही, हे इथे नोंदवून ठेवते. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "त्या टीव्हीत बावीस मानसं पलतात, आन् माझ्या घरात एक उठून पानी घेत न्हाय." बाबा म्हणायचे, "गप ग, कॉर्नर हाय." दर रविवारी सकाळी मी मोजपट्टीने त्यांच्या हाताचं अंतर मोजायची. फेब्रुवारीत साडेपाच सेंटिमीटर होतं. त्यांनी कधी विचारलं नाही किती झालं, पण मोजताना हात पुढे करायचे.

आता तुझ्या 'चीटिंग'बद्दल. जीवन, त्या पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या होत्या. मी तपासल्या होत्या. तुझे खेळाडू हळू धावत होते तेवढेच बाबांचेही. तुझे पास चुकत होते तेवढेच त्यांचेही. कुठलीही सूट त्यांनी स्वतःसाठी घेतलेली नव्हती. तू हरलास कारण तू चेंडू मिळाला की पळतोस, आणि त्या खेळात पळून काही मिळत नव्हतं, पास द्यावा लागत होता. बैलगाडी तुम्हा दोघांनाही एकच होती. एवढं साधं पाहायला तुला एक पान उघडून तीस सेकंद वाचावं लागलं असतं. तू पान उघडलंस, पण वाचलं नाहीस. आणि हे कुमारसमोर, ज्याला बाबा सकाळपासून "पाव्हनं, बसा" म्हणत होते.

मला बाबांचाही राग आहे. त्यांनी हसायचं कशाला? एका वाक्यात सांगता आलं असतं. सोमवारी मी तेच म्हटलं, तर म्हणाले, "त्याचाच गेम हाय. त्याने त्याचा नीट केला." मग त्यांनी कंट्रोलर फडक्याने पुसला, वायर गुंडाळली आणि टीव्हीवर ठेवला. "पोरांचा खेळ हाय," असं ते अकरा महिन्यांत पहिल्यांदा म्हणाले. आई आत पोळ्या करत होती. ती तवा उतरवून दारात येऊन उभी राहिली.

जुनी फाईल परत मिळते का ते पाहिलं. मिळत नाही, गेम तिच्यावरच नवी लिहितो. आकडे मी कुठे लिहून ठेवलेले नाहीत. गोदामात एक सेन्सर दोन मिलिमीटर हलवला तरी मी वेळ आणि सही टाकते, आणि घरात चौदा आकडे तसेच सोडले. बाबांना दोनदा म्हटलं होतं लिहून ठेवूया, तर म्हणाले, "मशीन इसरत न्हाय." तरी मी तीन संध्याकाळी वही घेऊन बसले. नऊ आकडे नक्की आठवले, तीन अंदाजे, दोन अजिबात नाही. भरून पाहिले आणि बाबांना दारात बोलावलं. त्यांनी दोन मिनिटं उभ्याने बघितलं. "न्हाय," म्हणाले. "कापड तेच, पन हात दुसऱ्याचा हाय." आणि गेले. मी अंदाजाचे तीन आकडे बदलून पुन्हा बोलावलं. आले नाहीत. म्हटलं, मग तुम्हीच लावा. "आता परत कोन करतंय," म्हणाले. हे वाक्य मी नऊ दिवसांत चार वेळा ऐकलंय. मला उपकरणं नीट करता येतात, त्याचा पगार मिळतो, आणि घरातली ही एक गोष्ट माझ्याच्याने होत नाही. याची मला प्रचंड चीड येते. तुझी येते तितकीच.

तुला आठवतं का माहीत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आपण नारपोलीच्या कारखान्यात बाबांचा डबा घेऊन जायचो. मी नऊची, तू सातचा. आत इतका आवाज की माणसं हाताने बोलायची. बाबा आपले तळवे लूमच्या लोखंडावर ठेवायला लावायचे, एकेक करून चारही लूमवर, आणि मग बोटं नाचवून विचारायचे, कुठला बिघडलाय? तू दरवेळी बरोबर दाखवायचास. दरवेळी. मला काहीच कळायचं नाही, सगळे सारखेच थरथरायचे. मग मी धागा कुठल्या लूमवर किती वेळा तुटतो ते उभी राहून मोजायची आणि अर्ध्या तासाने तुझंच उत्तर द्यायची. बाबा हसायचे. "ही साहेब होनार," म्हणायचे. तुला काहीच म्हणायचे नाहीत, फक्त तुझ्या डोक्यावरचा कापूस झटकायचे. त्या वयात मला साहेब व्हायचं नव्हतं.

हे आत्ता लिहिण्याचं कारण आहे. त्या रविवारी पहिल्या डावात तू कुरकुरत होतास. दुसऱ्या डावात, तीन गोल खाल्ल्यावर, तू एकदा चेंडू मागे गोलकीपरकडे दिलास आणि थांबलास. समोरचे पुढे येईपर्यंत थांबलास, मग लांब पास दिलास. गोल झाला नाही, पण बाबांनी पडद्यावरची नजर काढून तुझ्याकडे बघितलं. तू बघत नव्हतास. तुझ्या हाताला तो खेळ कळायला लागला होता. मला तीनशे मॅचमध्ये नाही कळला. म्हणजे तो खेळ कसा होता हे ओळखू शकणारी माणसं दोनच आहेत, आणि त्यातलं एक कंट्रोलरला हात लावत नाही.

फोनवर हे बोलले नाही, कारण तू "हो गं ताई, बघतो" म्हणतोस. मेसेजला हसरं तोंड पाठवतोस. म्हणून कागदावर.

आणखी एक गोष्ट आहे. ती न सांगता हे पत्र पाठवता आलं असतं, पण मग वरचे आठ मुद्दे अपुरे राहिले असते. तू सेटिंग उघडलंस तेव्हा मी तुझ्या मागे, दाराशी उभी होते. सूचना मी पूर्ण वाचली. 'हो' आणि 'नाही' यांच्यात तू दोनेक सेकंद थांबला होतास, कुमारशी बोलत. "जीवन, थांब" एवढं म्हणायला तितका वेळ पुरे होता. मी म्हटलं नाही. त्याच्या आदल्या शुक्रवारी मला कंपनीने विचारलं होतं की दूर दक्षिणेत होसूरला नवं गोदाम उभं राहतंय, तिथलं सगळं यंत्र पहिल्यापासून लावायचं काम घेशील का. अठरा महिने, एक डिसेंबरपासून. असं काम मी सहा वर्षं मागतेय. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण रोज आठ वाजताची मॅच होती आणि ती मोडून जायचं कसं ते मला सुचत नव्हतं. त्या दोन सेकंदांत मला वाटलं, आता ती आपोआप मोडेल. तेवढंच वाटलं. मोडली.

म्हणून हे तुला मागतेय, आणि मागताना मी काही निर्दोष नाही. शनिवारी २२ तारखेला मला कंपनीला उत्तर द्यायचं आहे. तू आठ दिवसांची रजा काढून त्याच दिवशी घरी ये. माफी वगैरे मागू नकोस, त्यांना ते झेपणार नाही. कंट्रोलर त्यांच्या हातात दे आणि म्हण, बाबा, मला जमत नाही, लावून द्या. ते पट्ट्या सरकवतील तेव्हा शेजारी बसून खेळ, आणि सैल वाटलं तर सैल म्हण. ते त्यांना तुझ्याकडून ऐकायचंय. एकदा खेळ बसला की रोज ते मशीनविरुद्धही खेळतील, रविवारी तू येत जा. तू नाही आलास तर मी होसूरला नकार कळवीन. त्यासाठी तुला दोष देणार नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. देईन. येतोस की नाही, एवढंच शुक्रवारी २१ तारखेला संध्याकाळपर्यंत मला कळव.

रागावलेली, तरी तुझीच,
मेघालीताई