सुटे भाग पाठव

देविन, ४ नोव्हेंबर

चि. लाचोस झाफिराआत्याचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. म्हणजे उजवीकडून तरी आहे. वसंतात तो अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून जीभ जड झालीय. फोनवर माणसं मला परत परत विचारतात आणि वर ओरडतात, जणू बहिरी मीच. कागदावर मात्र अडखळायला होत नाही.

उभा जन्म मी डोंगरातून देविन–प्लोवदिव बस हाकली. आता लायसन्स गेलं. डॉक्टरांचं चुकलं नाही, डाव्या हातात चमचासुद्धा ठरत नाही. पण रोज सकाळी खिडकीखालून बस जाते आणि तो नवा ड्रायव्हर पुलापाशी उशिरा ब्रेक मारतो, ते काही सोसवत नाही रे.

हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईंच्या घरी कॉम्प्युटरवर बस चालवायचा खेळ पाहिला. स्टिअरिंग, पेडल, सगळं खरं! तू अशी मशीन जोडून देतोस. मला एक हवी. कुठला भाग कसला घ्यायचा ते मला कळेल असं लिही. देतेलिनाला इतक्यात बोलू नकोस. लेक माझी, पण हल्ली माझी सासू झालीय.

तुझी आत्या

प्लोवदिव, ११ नोव्हेंबर

ती. झाफिराआत्यास शि. सा. न. वि. वि.

लोकांच्या आत्या लोकरीचे मोजे पाठवतात, माझी आत्या बस मागते! हसून झालं, आता कामाचं.

प्रोसेसर म्हणजे इंजिन, मध्यम चालेल. डोंगर, धुकं, आरशातला रस्ता हे सगळं ग्राफिक्स कार्ड रंगवतं, तिथे हात आखडू नकोस. पॉवर सप्लायही चांगलाच घे. लोक नेमका तोच स्वस्तातला घेतात आणि तो जळताना शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन जातो. रंगीबेरंगी दिव्यांच्या नादी लागू नकोस, मशीन जत्रेतल्या पाळण्यासारखी दिसते. आता स्क्रीन एक रुंद हवा की तीन छोटे, तेवढं कळव. मी इथे सगळं जोडून, तपासून, स्वतः आणून लावून देतो.

पण ताईपासून लपवू नकोस, आत्या. तिचं नाक तुला ठाऊक आहे.

तुझाच लाचो

देविन, १९ नोव्हेंबर

चि. लाचोस अनेक आशीर्वाद.

एकच रुंद स्क्रीन दे. तीन तुकड्यांचा रस्ता मी आयुष्यात पाहिला नाही. पंखे बिनआवाजाचे बघ. मला इंजिन ऐकू आलं पाहिजे. आणि दिवे? एक लाल असू दे, बाबा. म्हातारपणी थोडी जत्रा चालते.

पण जोडून पाठवू नकोस. सुटे भाग पाठव. बाईंनी दिलेला रबरी चेंडू दाबून दाबून मला वीट आलाय. या हाताला खरं काम पाहिजे, चुकलं तर नुकसान होईल असं. त्याशिवाय तो मनावर घ्यायचा नाही.

देतेलिनाला कळलं. मी स्टिअरिंगचं माप घेताना टेबलापाशी सापडले. आई, तुला न्हाणीघरात आधाराचा दांडा हवा, खेळणं नको, असं म्हणाली. मी म्हटलं, दोन्ही बसवू. त्यावर ती रडली आणि भांडी घासत बसली. मला फार वाईट वाटलं, पण मी बेत बदललेला नाही.

आशीर्वाद आहेतच,
झाफिरा

देविन, २३ नोव्हेंबर

चि. लाचो यास आशीर्वाद.

आईच्या नकळत लिहिते आहे. तू तिला का चढवतोस? परवा तिच्या हातून चहाचा कप निसटला. फुटलेल्या कपाकडे ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. हे महागाचं यंत्र पडलं तर नवं आणता येईल रे. पण हाताला जमत नाही हे तिच्या मनानं एकदा घेतलं, की तिला कोण उठवणार? जोडून पाठव, नाहीतर पाठवूच नकोस.

देतेलिनाताई

प्लोवदिव, २८ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

ताई, तुझी भीती खोटी नाही. दोन दिवस मीही त्याच विचारात होतो. म्हणून भाग बदललेत. पेटी मोठी घेतली, आत अख्खा हात मावेल अशी. स्क्रू बोटांनी फिरवायचे, पेचकस नको. प्रोसेसर मी इथेच मदरबोर्डावर बसवतो. तिथल्या पिना केसासारख्या असतात, बोट घसरलं तर माफी नाही. हे मी आत्यालाही कळवतोय, तिला फसवणार नाही. बाकी सगळं तिचं.

तू फक्त शेजारी बस. मागितल्याशिवाय हात पुढे करू नकोस, खिशात ठेव.

लाचो

देविन, २५ जानेवारी

चि. लाचोस मायेचे आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण मी ड्युटीवर होते!

खोकी आली त्या रविवारी बसलो. रॅमची पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबायची असते, हे तू लिहिलं होतंस. माझा डावा अंगठा ऐकेना. स्क्रू पडले, टेबलाखाली गेले. देतेलिना हात काखेत दाबून बसली होती, ओठ चावत. मी डेपोतल्या सगळ्या शिव्या आठवून दिल्या, आणि खट् आवाज झाला. बसली! पोरीनं मला असं मिठीत घेतलं की ग्राफिक्स कार्ड चिरडायचं राहिलं.

बटण दाबलं, पंखे फिरले, पण स्क्रीन काळाच. देतेलिना हळूच म्हणाली, असू दे आई, लाचो येईल. ते असू दे मला चाबकासारखं लागलं. सगळं उचकटून पुन्हा बसवलं. मग मागे वाकून पाहिलं, तर स्क्रीनची वायर ग्राफिक्स कार्डात न लावता बोर्डातच खुपसलेली. ती एकच वायर मी देतेलिनाला लावायला दिली होती! हसता हसता आम्ही दोघी जमिनीवर बसलो.

तेव्हापासून रोज बस काढते. स्टॉपवर चित्रातली माणसं चढतात. मी प्रत्येकाला नमस्कार करते. आणि रात्री झोपताना हात दुखतो, लाचो. कित्येक महिने त्यात दुखणंसुद्धा नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढेच. एके दिवशी देतेलिना म्हणाली, मला बघू दे. पन्नाशीला आली, पण भीतीपोटी कधी गाडी शिकली नाही. पहिल्याच वळणावर बस नदीत घातली. उतरेल म्हटलं, तर पुन्हा सुरू केली. आता दर रविवारी येते, मी मागे उभी राहून ओरडते. काल सांगितलं, ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलंय.

तेव्हा उन्हाळ्यात आम्ही दोघी प्लोवदिवला येतो. बटाट्याचा पातात्निक भाजून आणीन, तुझ्या बायकोला चूल पेटवू देऊ नकोस. दारात गाडी उभी राहील तेव्हा मी शेजारच्या सीटवर असेन. लायसन्स तिचं, शिव्या माझ्या.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी झाफिराआत्या