चौथी चौकट रिकामी ठेवून केलेली निरवानिरव

मी, लिएंडर पिट्मन, वय सव्वीस, मूळ गाव न्यूफाउंडलंड बेटावरचं कॅपलिन टिकल बंदर, सध्या मुक्काम यलोनाइफ शहराच्या उत्तरेला गोठलेल्या तळ्यांवरून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेचा ट्रकवाल्यांचा तळ, धंदा खाणीला डिझेलचा टँकर पोचवणे आणि इंटरनेटवर माशांचं विनोदी कॉमिक काढणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. दारू घेतलेली नाही, इथे मिळतही नाही. कोणाचा दबाव नाही. भीती मात्र आहे. मृत्युपत्रात भीती लिहितात की नाही मला माहीत नाही, शाळा मी नववीतच सोडली. पण ती लपवून सही केली तर बाकीचंही खोटं ठरेल, म्हणून लिहून टाकतो.

कारण असं. उद्या सकाळी हंगामातली शेवटची फेरी निघते, आणि यार्डातल्या पाटीवर सगळ्यात वर माझं नाव आहे. म्हणजे रांगेतली सगळ्यात पुढची गाडी माझी. आठवडाभर ऊन पडतंय, बर्फावर पाणी साचलंय. त्याहून वाईट म्हणजे तळं गप्प आहे. कडक थंडीत टँकरखालचा बर्फ सारखा कडाडत असतो, नवा माणूस त्या आवाजाने गारठतो. जुन्याला तो आवाज हवा असतो, तो असला की बर्फ पक्का. काल मी रिकामा टँकर घेऊन परत आलो, उडी मारता यावी म्हणून दार अर्धवट लावलेलं, पट्टा सोडलेला, कान खाली. सगळ्या वाटेत एक आवाज आला नाही.

कलम १. सगळ्यात आधी आईचं.

मी बुडालो तर आईला फोन करू नये. माझी बहीण ट्रिना हिने तिच्या दारात जाऊन, समोर बसून सांगावं. ट्रिना येईपर्यंत गावातल्या कोणी तोंड उघडू नये, विशेषतः दुकानातल्या बाईने.

याचं कारण गावाला माहीत आहे, पण वकिलाला नसेल. बाबांची बोट वादळात सापडली तेव्हा कोणीतरी लांबून दिवे पाहिले आणि आईला फोन केला, "मिल्ड्रेड, आली गं त्यांची बोट शेजारच्या बंदरात, निवांत राहा." आईने मासे तळले, ताट वाढून झाकून शेगडीवर ठेवलं. दिवे दुसऱ्याच बोटीचे होते. ताट तिथेच वाळलं. आम्हा दोघांना ते काढायची हिंमत झाली नाही.

मागच्या हिवाळ्यात मीही तिच्याशी नकळत तेच केलं. कॉमिकवाला कितीही बेशिस्त असला तरी पुढची चित्रं आधी काढून साठा करतो. साइटला वार सांगून ठेवायचा, चित्र आपोआप लागतं. वाचकाला वाटतं गडी रोज बसून काढतोय. मी वादळात टँकरसकट रस्त्यावरून घसरलो, पायाची बोटं गोठली, दवाखान्यात पडलो. आणि मंगळवारी, शुक्रवारी कॉमिक वेळेवर लागत राहिलं. आई बंदरभर सांगत फिरली, पोरगा मजेत आहे, आत्ताच त्याचा मासा वाचला. मग खरं कळल्यावर फोनवर म्हणाली, "तू तिकडे दवाखान्यात, आणि तो मेला मासा मला विनोद सांगत होता!"

मेलेल्या माणसाचा विनोद माझ्या आईने हसून वाचता कामा नये. एवढ्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो आहे.

कलम २. साठा.

वरील कारणाने आज दुपारी तळावरच्या जेवणघरात बसून मी साइटवरचा सगळा साठा उतरवला आहे. आपोआप लागेल असं एकही चित्र आता राहिलेलं नाही. ती चित्रं माझ्या टॅबलेटमध्ये आहेत. ती ट्रिनाची. आईने स्वतः "लाव आता" म्हटल्यावरच लावावीत, त्याआधी नाही. वाचक ओरडतील. ओरडू देत.

येत्या शुक्रवारी कॉमिक लागलं तर मी पलीकडच्या काठाला पोचून स्वतःच्या बोटाने लावलं असं समजावं. खाणीवर फोनला रेंज येते. लागलं नाही तर ट्रिनाने यार्डात विचारावं, आणि मग चप्पल नाही, बूट घालून निघावं, आईच्या दारासमोर अजून निसरडं असेल.

कलम ३. बर्फाखालची आत्या.

कॉमिकमधली म्हातारी मासळी, जी तळ्याच्या तळाशी बसून वरून जाणाऱ्या टँकरांची पोटं बघते आणि भाचीजवळ त्यांना नावं ठेवते, ती आजपासून आईच्या मालकीची. खरं तर पहिल्यापासून होती. आत्या जे बोलते ते आईच बोललेली असते. टँकरच्या पोटाकडे बघून आत्या म्हणते, "याच्या आईने याला पोटभर घातलंय, पण अक्कल वाढताना हात आखडला," ते वाक्य आईने आमच्या चुलतभावाबद्दल, गॅरफिल्डबद्दल म्हटलेलं.

विनोद कसा करतोस, असं लोक लिहून विचारतात. त्यांना कोणीतरी हे उत्तर द्यावं. आधी मला भीती वाटते. टँकर रांगेत थांबलेला असतो, पुढची गाडी दूर जाईपर्यंत हलायचं नसतं, जवळ जवळ गेलो की वजनाखाली बर्फ वाकतो, जोरात गेलो की पाण्याची लाट पुढे धावून काठाजवळ बर्फ फोडते. त्या थांबण्यात मी काचेतून खाली बघतो आणि खाली कोणीतरी वर बघतंय असं वाटतं. त्या कोणालातरी मी कल्ले लावतो, डोक्याला रुमाल बांधतो. पहिल्या चौकटीत ती टँकर बघते. दुसरीत भाची काहीतरी विचारते. तिसरी चौकट मी गप्प ठेवतो, नुसतं पाणी. हे मला कोणी शिकवलं नाही, बर्फानेच शिकवलं. माणूस आवाजाची वाट बघायला लागतो, मग चौथीत बोललेलं लागतं.

काढून झालं की आईला फोन. ती नुसतं "हं" म्हणाली की चित्र रद्द. गप्प राहिली आणि मग "जा रे मूर्खा" म्हणाली की पास. तिला माहीत नाही की ती परीक्षा घेते. आता माहीत झालं तरी चालेल.

कलम ४. अर्धवट राहिलेलं.

येत्या शुक्रवारसाठी साठ्याबाहेरचं नवं चित्र काढायला घेतलं, ते पुरं झालेलं नाही. पहिलीत आत्या म्हणते, "आला गं परत तो." दुसरीत भाची विचारते, "हाच ना आत्या, जो आपली चित्रं काढतो?" तिसरीत नुसती वर थांबलेली सावली. चौथी चौकट रिकामी आहे. जे काही काढायला जातो त्यात टँकर वर राहत नाही, खाली येतो. पुसतो, पुन्हा काढतो, पुन्हा खालीच. हात माझा आहे पण ऐकत नाही. तीन हिवाळे या गोष्टीची चेष्टा केली, आज चेष्टा सुचत नाही, आणि आईला फोनही करवत नाही. ती माझा आवाज ऐकेल आणि ओळखेल.

मी परत आलो नाही तर ही चौकट कोणी भरू नये.

कलम ५. वस्तू.

टॅबलेट, त्याची पेन्सिल आणि अंगठ्याजवळ कापलेले माझे हातमोजे ट्रिनाला. हातमोजे हसण्यासारखे आहेत, पण थंडीत रेघ काढायला दुसरा उपाय नाही. धक्क्यावरच्या बाबांच्या शेडमधला माझा अर्धा वाटाही तिला. बँकेत जे असेल ते आईला, तिने त्यातून छप्पर करून घ्यावं, चर्चला देऊ नये.

चुलतभाऊ गॅरफिल्ड याला काही नाही. तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "सव्वीस वर्षांचा घोडा आणि मासे रंगवतोय!" गॅरफिल्डने कॉमिकमधल्या जाड्या माशाकडे नीट पाहावं. ज्याने आत्याचं चित्र न विचारता बनियनवर छापून विकलं, त्यालाही माफी नाही. मात्र त्या बनियनवर आत्या छान दिसते हे मान्य करतो.

बर्फावर चाकांना लावायच्या साखळ्या अँगसकाकांना, असं मी लिहिलं होतं. अँगस बेट्सिना याच तळ्याकाठी जन्मले, उद्या ते माझ्या मागच्या टँकरवर आहेत. ते साक्षीदार म्हणून सही करणार होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून डोरीन ओरडली, "थांबा! साक्षीदाराला काही देता येत नाही. माझ्या मावशीचं शिवणयंत्र असंच गेलं हातचं."

"मग काका, साखळ्या की सही?" मी विचारलं.

"सही. तुझ्या साखळ्या गंजक्या आहेत, पोरा."

"गंजक्या? मागच्याच महिन्यात मागत होतात!"

"तेव्हा तू मरणार नव्हतास. फुकटात घेण्यात मजा होती."

तरी साखळ्या माझ्या खाटेवर जो पुढचा ड्रायव्हर येईल त्याच्या. अँगसकाका माझं प्रत्येक कॉमिक वाचतात. हसत नाहीत, नाक शिंकरतात. तेवढं मला पुरतं. अर्धवट चित्रही त्यांनी आज पाहिलं. बराच वेळ बघून टॅबलेट परत दिला आणि कोट घालून यार्डाकडे गेले. नाक शिंकरलं नाही.

कलम ६. मी खाली राहिलो तर.

टँकर बुडाला आणि मी त्यात असलो तर मला काढायला कोणी बर्फावर येऊ नये, पाण्यात उतरू नये. बर्फ वितळून बोट चालेपर्यंत थांबावं. हे अँगसकाकांना उद्देशून लिहिलं आहे. ते ऐकणार नाहीत हे ठाऊक आहे, म्हणूनच कलम केलं. खाली अंधार असेल, मला अंधाराची लहानपणापासून भीती आहे, हे ट्रिनाला माहीत आहे. तरीही थांबावं.

या सगळ्याची अंमलबजावणी ट्रिनाने करावी. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही, करावंसं वाटलंही नव्हतं. मी सुखरूप पोचलो तर हा कागद फाडून जेवणघराच्या शेगडीत घालावा आणि आईला यातलं अक्षरही कळू देऊ नये.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, दोघांच्या समोर सही करतो.

लिएंडर पिट्मन

साक्षीदार पहिला: अँगस बेट्सिना. माझ्यासमोर सही झाली. पोरगा शुद्धीवर आहे. आणखी एक, साक्षीदाराला जास्तीचं काही लिहायची मुभा असते की नाही ते विचारलं नाही, लिहितो. यार्डात जाऊन पाटीवरची नावं मी बदलून आलो आहे. उद्या पुढची गाडी माझी, तो मागे, आणि लांब मागे. सही झाल्यावर हे वाचेल आणि भांडेल. भांडू दे. चौथ्या चौकटीत काय होतं ते मला शुक्रवारी वाचायचं आहे.

साक्षीदार दुसरी: डोरीन लाफर्टी, स्वयंपाकीण. माझ्यासमोर सही झाली, भांडणही माझ्यासमोरच चालू आहे. दोघांनीही ऐका. मी कोणाचंही ताट झाकून ठेवणार नाही. परत या आणि गरम वाढून घ्या.

स्थळ: ट्रकवाल्यांचा तळ, यलोनाइफच्या उत्तरेला
दिनांक: २८ मार्च, बुधवार