लक्ष्मीचं शिंगरू

१४ नोव्हेंबर
त्या सकाळी खड्डा मीच खणला होता. सुरतेजवळ चलथाणला, उसाच्या बांधाला. दौलतनानांची वरातीची घोडी लक्ष्मी रात्री व्याली, शिंगरू मेलेलंच आलं. नाना फावड्याला हात लावेनात. मी मीठ टाकलं, वर चिमूटभर भंडारा, माती लोटली आणि तसाच पांडेसऱ्याला कारखान्यात पाळीवर गेलो. दोन वर्षं होत आली.
आज दाजी सहज बोलावं तसं म्हणाले, यंदा चंपाषष्ठीच्या शर्यतीत लक्ष्मीचंही शिंगरू पळणार. कोणतं, विचारलं. दाजी त्यांच्या घोडीच्या, मैनेच्या आयाळीत कंगवा फिरवत राहिले.

१७ नोव्हेंबर, रविवार
दाजींसोबत बघून आलो. काळं, उंच, कानांची टोकं आत वळलेली. मारवाडचं आहे, आंधळ्यालाही कळेल. सचिन गावच्या लग्नाच्या हॉलवाल्या शेठनं उन्हाळ्यात विकत आणलं, आता नानांच्या तबेल्यात बांधलंय. लक्ष्मी त्याच्याकडे पाठ करून उभी.
शेठ तिथेच होता. वागायला गोड. शर्यतीचा खर्च कोण देतं, म्हणाला. दाजींनी सांगितलं: वरातीत नवऱ्यावरून ओवाळून टाकलेली नोट घोडीवाल्याची, पण आमच्यात ती कोणी खात नाही, खंडेरायाच्या पेटीत टाकतो, वर्षाची पेटी म्हणजे शर्यतीचं बक्षीस. शेठ हसला. "अरे, उतारेला, ओवाळलेला पैसा! मंडप, बक्षीस, सगळं माझ्याकडून. पेटी ठेवा घरी."
सगळ्या घोडीवाल्यांना पटलं. नोटा आता ज्याच्या त्याच्या खिशात.

१८ नोव्हेंबर
झोप लागली नाही म्हणून लिहितो.
वडील म्हणायचे, ओवाळलेला पैसा पोटात जाऊ नये, टापेखाली जावा. मला ते नुसतं भक्तीचं वाटायचं. त्यात हिशेबही होता. घोडी गाभण राहिली की पुढचे महिने तिची वरात बंद, शिंगरू दुधावर असेपर्यंतही बंद. घोडीवाल्यानं तोवर काय खावं? म्हणून बक्षीस. म्हणूनच शर्यतीत फक्त इथल्या घोड्यांच्या पोटची शिंगरं. बाहेरून विकत आणलेलं जिंकायला लागलं की घरची घोडी गाभण कोण राहू देईल?
हे मी तिथे बोलायला हवं होतं. नेहमीसारखं घरी आल्यावर सुचलं.

२३ नोव्हेंबर
बहिणीचा, सुमनचा फोन. दाजींनीच करायला लावला असणार. शेठ हॉलच्या सगळ्या वराती आपल्या घोड्यांना देणार आहे. अट एकच, काळ्याला भंडारा लागला पाहिजे, म्हणजे ते इथलं ठरलं. पेटी सांभाळणाराच भंडारा लावतो, आणि पेटी माझ्याकडे.
म्हटलं, सुमन, लावताना शिंगराच्या आईचं नाव घ्यावं लागतं.
"दादा, भंडारावर घर चालस का?"
तिच्या घरात घोडीशिवाय दुसरी कमाई नाही. मला पगार आहे. तत्त्वं पगारवाल्यांना परवडतात, हे ती बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१ डिसेंबर, रविवार
नानांकडे गेलो. त्यांना म्हटलं, तुम्ही तरी नको म्हणा. नाना खाटेवर बसून तोबऱ्याची शिवण घालत होते. बराच वेळ सुई ओवता येईना. मी ओवून दिली.
"खड्डा तू पाहिला, मी पाहिला," म्हणाले. "मेलं ते मेलं. त्याच्या नावावर एक जिवंत उभं राहिलं तर तुझं काय जातं?"
माझं काय जातं. रस्ताभर तेच.

६ डिसेंबर
सहा दिवसांचा उपवास, उद्या सुटेल. तोंड कडू आहे, ते उपवासानं नाही.
देवापुढे बसलो, पण मागितलं काहीच नाही. देवाला साक्षीला बोलवायचं आणि उत्तर आपल्या सोयीचं घ्यायचं, एवढा तरी नीचपणा नको. बायको म्हणाली, जाऊच नका, ताप आला सांगा. तेही खोटंच की.

७ डिसेंबर, चंपाषष्ठी
रजा टाकून गेलो. शेठचा मंडप, शेठचा बॅनर, शेठच्या खुर्च्या. पेटीला टेबलाच्या कोपऱ्यावर जागा.
शिंगरं रांगेत. पहिली आमची तांबडी, मैनेची. कपाळाला भंडारा लावला, "मैनेचं" म्हटलं, लोकांनी येळकोट केला. मग बाकीची. प्रत्येकाची आई घेतली.
शेवटी काळं. त्याचा काय दोष. माझा हात हुंगून पाहिला त्यानं. बोटांत चिमूट होती. नाना लगाम धरून जमिनीकडे बघत होते.
"चांदलो करी दो ने, काका," शेठ काळ्याच्या कपाळाकडे बोट करून म्हणाला.
"लक्ष्मीचं शिंगरू उसाच्या बांधाला आहे," मी म्हणालो. मोठ्यानं नाही. पुढच्या रांगेला ऐकू गेलं, तेवढं पुरलं. चिमूट ताटात टाकली, ताट खाली ठेवलं.
कोणी येळकोट केला नाही. शेठ फोन कानाला लावून बाजूला गेला. कोणीतरी मागून म्हणालं, मोठा धर्मराज लागून गेला.
तांबडीला मी रांगेतून काढलं नाही. ती दाजींची आहे.
पुढे कोण पळालं, पळालं की नाही, पाहिलं नाही. निघताना पेटीची किल्ली दाजींच्या हातावर ठेवली. त्यांनी हात मागे घेतला नाही, मूठही मिटली नाही.