किंगाचं मोडकंतोडकं इंग्रजी

ब्रिनगार्थ,
रविवार दुपार

प्रिय गेथिन,

तुझा निरोप मिळाला. शनिवारी किंगाला लंडनला घेऊन यायचं, दुकानातल्या त्या प्रसंगाचं डबिंग नव्याने करायचं, आणि या वेळी तिने ‘जरा पोलिश वाटेल असं’ बोलायचं. तिने नाही म्हटलं तर दुसऱ्या कुठल्या तरी मुलीचा आवाज लावणार, हेही तू शेवटी हळूच घातलं आहेस. पोरगी पंधरा वर्षांची, त्यामुळे शूटिंगमधल्या मुलांना सांभाळायचा सरकारी परवाना असलेली बाई म्हणून मी बरोबर असल्याशिवाय तुम्हाला तिच्यापुढे माइकसुद्धा ठेवता येत नाही. तेव्हा हो की नाही, ते एका ओळीत कळवा म्हणतोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. एका ओळीत उत्तर देणारी बाई असते, तर तुझ्यासारख्या कार्ट्यांना नाटक शिकवण्यात आयुष्य घालवलं नसतं.

आधी इकडची खबर. कामगार हॉलचं छप्पर पुन्हा गळतंय. तरी तुझा सिनेमा पहिल्यांदा तिथेच दाखवायचा, यावर कमिटीत प्रथमच एकमत झालं. तुझ्या सिनेमात खाटीक ग्विलिम रस्ता ओलांडताना पाठमोरा दिसतो म्हणे. तेव्हापासून तो गिऱ्हाइकाला चॉप्स बांधून देताना आधी पाठ दाखवतो आणि विचारतो, “ओळखलंत का?” तुझा नायक योलो अजूनही बेसूर आहे. वेल्श पोरगा म्हणजे गळा असणारच, असं तुझ्या लंडनच्या मंडळींना वाटलं होतं. डोंगरावरचं ते गाणं संपल्यावर तुझा ध्वनिमुद्रक कानावरची यंत्रं काढून माझ्याकडे बघत होता, ते मी विसरणार नाही. त्या जागी तुम्ही कुणा दुसऱ्याचा गळा लावला आहे, हे योलोला अजून माहीत नाही. हॉलमध्ये कळेल बिचाऱ्याला.

किंगाचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. तू शाळेच्या जिममध्ये पोरं निवडायला आला होतास, तेव्हा तिने योलोच्या बहिणीचा भाग वाचला होता, आणि सगळ्यांत छान वाचला होता. मग तू तिचं आडनाव विचारलंस आणि पिशवीतून दुसरंच पान काढलंस. त्या पानावरची मुलगी पोलंडहून आलेली, लाद्या पुसणारी, रडणारी, आणि वाक्यात एकही क्रियापद धड नसणारी. किंगा बाहेर येऊन मला म्हणाली, “मिस, माझा जन्म इथल्याच हॉस्पिटलातला. वॉर्सा मी फक्त आमच्या फ्रिजवरच्या मॅग्नेटवर बघितलंय.” तरी तिने भाग घेतला. सिनेमात काम मिळतंय म्हटल्यावर पंधराव्या वर्षी कोण सोडेल? तिने तुझ्या सांगण्याप्रमाणे मोडकंतोडकं बोलायची घरी तालीम केली, आणि आरशासमोर स्वतःलाच हसली.

तुझी काम करायची तऱ्हा तिला ठाऊक होती. पोरांना गोष्ट आधी सांगायची नाही, त्या दिवशीची पानं त्या दिवशी सकाळी हातात द्यायची. दुकानाच्या प्रसंगाच्या दिवशी दुकानदार झालेल्या नटाला तू गुपचूप बाजूला घेऊन एक वाक्य दिलंस, जे किंगाच्या पानावर नव्हतं. कॅमेरा चालू झाला आणि तो तिच्यावर खेकसला, “जा आपल्या देशात परत!” पोरगी भूमिका विसरली, तालमीतलं बोलणं विसरली, आणि आपल्या खोऱ्यातल्या ठसक्यात तिने त्याला सुनावलं, “कुठे जाऊ? बस स्टॉपच्या मागच्या गल्लीत? तिथेच राहते मी. चल, येतोस सोडायला?” तू ‘कट’ म्हणाला नाहीस. मी कॅमेऱ्यामागे उभी होते, आणि मला एकाच वेळी तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तुला जवळ घ्यावंसंही वाटलं. त्या संध्याकाळी तू मला म्हणालास, “मिस, आख्खा सिनेमा या एका उत्तरासाठी होता.”

आता पैसे लावणाऱ्यांना ते उत्तर नको आहे. पोलिश मुलगी अशी इथल्यासारखी बोलली तर प्रेक्षक गोंधळतील, असं त्यांचं म्हणणं. प्रेक्षक बिचारे गोंधळत नाहीत रे. ते गोंधळतील या भीतीने सिनेमा बदलणारेच गोंधळतात.

मी किंगाला तुझा निरोप सांगितला. तिने खांदे उडवले आणि म्हणाली, “करते की. पहिल्याच सिनेमात नखरे केले तर दुसरा कोण देणार?” पण मागची तालीम तिला आता खोटी वाटत होती. खरं कसं वाटेल, ते शिकायला ती बुधवारी आईकडेच गेली. मीही होते तिथे. बोझेनाला तू ओळखतोस, दातांच्या दवाखान्यात फोन घेते ती. आधी मांसाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. आज तिचा आवाज फोनवर ऐकून कुणी म्हणणार नाही की ती बाहेरून आली, आणि हे तिने कष्टाने मिळवलं आहे. ती पिएरोगीचं, म्हणजे त्यांच्याकडच्या उकडलेल्या करंज्यांचं, पीठ लाटत होती. किंगा म्हणाली, “आई, तू नवीन आलीस तेव्हा कशी बोलायचीस ते करून दाखव ना.”

बोझेना आधी खळखळून हसली. मग लाटणं हातात घेऊन, मान खाली घालून, कारखान्यातल्या मुकादमाशी बोलल्यासारखी बोलू लागली, “प्लीज साहेब, मी काम चांगला करते. मी आजारी नाय. उद्या पण येते.” आम्ही तिघीही पोट धरून हसलो. मग ती घरमालकाशी बोलली, मग बसच्या ड्रायव्हरशी. आम्ही हसतच होतो. ती मात्र थांबेना. एकदम हलक्या आवाजात म्हणाली, “डॉक्टर, प्लीज. बाळ का रडत नाय? माझा बाळ का रडत नाय?” ते बाळ म्हणजे आपणच, हे किंगाला कळायला थोडा वेळ लागला. बोझेनाने हात पुसले आणि विचारलं, “झालं? एवढं पुरेल तुमच्या सिनेमाला?”

किंगाने ती वाक्यं म्हणून दाखवली. हुबेहूब. इतकी वर्षं पोरांना शिकवते आहे, पण एवढी अचूक नक्कल मी ऐकली नव्हती, आणि नक्कल ऐकून इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून पोरगी वर्गात फारसं बोलत नाही.

तेव्हा मला तू आठवलास, चौदा वर्षांचा. लंडनहून असाच एक गृहस्थ आला होता आणि त्याला वेल्श पोरगा हवा होता. तुझे वडील टायरच्या दुकानात, घरात ना मेंढी ना कोकरू. पण त्याने तुझ्या कडेवर कोकरू दिलं, डोक्यावर टोपी चढवली आणि तुला हेल काढून बोलायला लावलं. कोकराने तुझा शर्ट ओला केला आणि त्यांनी तेही ठेवलं. सिनेमा आपल्याच हॉलमध्ये दाखवला. लोक हसले, कौतुकानेच हसले. तुझे वडील मधेच उठून बाहेर गेले आणि शेवटपर्यंत चिप्सच्या दुकानापाशी उभे राहिले. पुढे वर्षभर शाळेत पोरं फर्माईश करायची, “ए कोकरू, बोलून दाखव!” आणि तू दाखवायचास. मग एकदा नाटकाच्या तासाला मी तुला स्वतःच्या आवाजात काहीही बोल म्हटलं, तर तू उलट मलाच विचारलंस, “मिस, माझा खरा आवाज कुठला होता हो?” तास संपल्यावर जाताना दारात तू म्हणालास, “मी मोठा झालो ना, की इथली माणसं इथल्यासारखी बोलतील असा सिनेमा काढीन.” काढलास की. दुकानातला तो प्रसंग म्हणजे तोच सिनेमा. मला अभिमान वाटतो, आणि म्हणूनच इतका राग येतो.

मी हात वर करून घरी बसू शकते, पण मग तू दुसरी मुलगी उभी करशील आणि किंगाचा चेहरा परक्या आवाजात बोलेल. म्हणून आम्ही शनिवारी येतोय. बोझेनाही येते आहे, रजा काढून. माझी अट एकच आहे, आणि ती कळवायलाच हे पत्र लिहिलं. आधी तू आत जायचंस. माइकपुढे उभं राहून, काचेपलीकडून किंगा आणि तिची आई ऐकत असताना, त्या कोकरूवाल्या पोराची वाक्यं म्हणायची, सगळी, त्याच आवाजात. तुला ती पाठ आहेत हे मला माहीत आहे. ती म्हणून झाल्यावर बाहेर ये, बोझेनाकडे बघ आणि मग किंगाला आत जायला सांग. तुझ्याने तेवढं सांगवलं, तर मी तिला अडवणार नाही. नाहीच सांगवलं, तर तिचं उत्तर आहे तसं ठेव आणि आम्हाला कुठे तरी बरा चहा पाज. संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत निघू.

तुझीच,
मिस