रेल्वेतले मामा

अमरावती,
१२ मे १९५७

चि. शालूस,
डोमाजीमामाचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि. तू पाचवीत पहिली आलीस हे वाचून मी खोलीत एकट्यानेच सॅक्सोफोनवर पलटणीचा मार्च वाजवला. शेजारीण भांडायला आली.

तुझ्या बाबांचा निरोप पोचला. धर्म बदलला, गावकी सोडली, मग साळ्याने बाजा काहून नाही सोडला, असं सहदेवराव विचारतात. त्यांना सांग, पाटलाच्या दारचं डफडं मी कधीच ठेवलं. ते हुकमानं वाजायचं. सॅक्सोफोन मी कामठीला पलटणीच्या बँडात शिकलो, तो मर्जीनं वाजतो. सर्कशीत वाघ आला की एक, कव्वालीत दुसरं, मोझरीच्या आश्रमात भजनामागे तिसरंच. खेड्यातले लोक त्याला पितळेची चिलीम समजतात आणि धूर कुठून निघतो ते वाकून बघतात. बघू देत.

बाबांशी मात्र भांडू नकोस. ते काळजीपोटी बोलतात. आईस जयभीम.
तुझा मामा,
डोमाजी

अकोला,
१९ मार्च १९६१

ती. मामांस,
शालूचा सप्रेम जयभीम. अचलपूरच्या लग्नात तुम्ही नवरदेवाला घोड्यावर ठेवून निघून आलात, ही बातमी तुमच्या पत्राआधी इथे आली. आई हसून हसून खोकायला लागली. बाबा हसले नाहीत. अपमान होणार हे ठाऊक असताना माणूस तिथे जातोच कशाला, असं त्यांचं म्हणणं. तेच मी तुम्हाला विचारते. बँडमालकानं खरंच काढून टाकलं का? भूमिती सोडून माझं सगळं ठीक आहे.
उत्तराची वाट पाहणारी,
शालू

अमरावती,
२ एप्रिल १९६१

चि. शालूस आशीर्वाद.
खरंच काढलं. वरात निघाली आणि यजमानाच्या माणसानं बजावलं की बाजावाल्यांनी गोठ्यामागं बसावं, पंगती उठल्या की उरलंसुरलं भेटीन. मी म्हणालो की आमी गोठ्यामागं बसतो, पण मंग बाजा बी तिथंच वाजीन. तो शिव्या देऊ लागला. मी सॅक्सोफोन पेटीत घातला आणि बस धरली. घोडं बिचारं बाज्याशिवाय पाऊल टाकेना, असं मागून कळलं. त्या घोड्याला तेवढी समज होती.

बाबांना सांग, अपमानाच्या भीतीनं घरी बसायचं तर उंबरठाच ओलांडायला नको. मी जाणार, आणि पटलं नाही तर उठून येणार. आता माझी स्वतःची बँडपार्टी आहे. पंगतीत जागा आधी, सूर नंतर, ही अट. ऐकून कोणी परत जातात. पण परवा धारणीहून एकजण जीप घेऊन आला आणि अट मान्य करून बोलावून गेला.
तुझाच,
मामा

अमरावती,
२८ मार्च १९६६

चि. शालूस,
लग्नपत्रिका मिळाली. मुलगा ओव्हरसियर आहे हे वाचून आनंद झाला. फक्त मामांच्या ओळीत 'श्री. डोमाजी, रेल्वे खाते' असं छापलं आहे. हे गृहस्थ कोण? मी रेल्वेत तिकीट काढून बसतो, तेवढाच माझा संबंध.

व्याह्यांना बाजावाला सांगायची बाबांना लाज वाटली असणार. मला राग आला, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं वाजवताना ओठ फाटले, दोन दात गेले, पण मान खाली घालून वाजवलं नाही. भाचीच्या मांडवात लपवू? त्या रेल्वेतल्या मामांनाच बोलवा. मी येत नाही. तुझ्यावर राग नाही. सुखानं नांद.
डोमाजी

अकोला,
५ एप्रिल १९६६

ती. मामांस,
सप्रेम जयभीम. पत्रिका मी छापून आल्यावरच पाहिली. तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले आणि आईला घेऊन थेट मुलाच्या घरी गेले. माझे मामा सॅक्सोफोन वाजवतात, रेल्वेत नाहीत, असं सांगितलं. त्याचे वडील म्हणाले की मंग पयलेच काहून नाही सांगतलं, आता मामा आले तं येऊ द्या, पण बाजा घरी ठेवून. आमच्याकडे मोठे पाहुणे येतात, असंही ते म्हणाले. मी म्हणाले की मामा तसे येत नाहीत आणि मीही तशी येत नाही. मुलगा खाली बघत बसला. रविवारी निरोप देतो म्हणाले.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. पण कालपासून उरलेल्या पत्रिका पुढ्यात घेऊन 'रेल्वे खाते' शाईनं खोडत बसले आहेत.

तुम्ही शनिवारीच या, सॅक्सोफोन घेऊन. होकार आला तर मांडवात वाजवा. नकार आला तर आमच्या ओट्यावर बसून वाजवा, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. मी तुमच्या शेजारी बसणार आहे.

लोभ आहेच, तो मागत नाही.
बाजावाल्याची भाची,
शालू