झाकणातलं बोरॉन

प्रिय शंकासुर,

पत्र बघून हसशील. सदा फोन कानाला लावणारा बाप कागदावर उतरला म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखशीलच. आई बरी आहे. गिरणीचा पट्टा परत तुटला, नवा टाकला. समोरचा न्हावी अजून मला ‘शास्त्रज्ञाचे वडील’ म्हणतो आणि मी मुकाट्याने दाढी करून घेतो.

दोष त्याचा नाही. तुझा निष्कर्ष जाहीर झाला तेव्हा मीच अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगायचो, दूर कुठेतरी तारा फुटतो, कार्बनची अणुकेंद्रं सुसाट निघतात, पण सरळ जातील तर शपथ! आकाशगंगेतलं चुंबकीय क्षेत्र त्यांना भरकटवत ठेवतं. वाटेतल्या विरळ वायूवर आपटून काही फुटतात, त्यांचं बोरॉन होतं, आणि कोटी-दीड कोटी वर्षांनी ती आकाशगंगेबाहेर निसटतात. कार्बनच्या मानाने बोरॉन किती, हे मोजलं की निसटण्याआधी किती भटकली ते कळतं. माझ्या लेकीने फुग्याला यंत्र बांधून वर सोडलं आणि दाखवलं, की ती सगळ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त भटकतात. लोकांचं पीठ गार व्हायचं, माझं दळण संपायचं नाही.

मग तूच जाहीर केलंस की चुकलं. यंत्राचं झाकण बदलून जाड बसवलं होतं, गणितात मात्र जुनं पातळच राहिलं. बराच कार्बन त्या झाकणातच फुटला होता आणि ते बोरॉन तू आकाशगंगेच्या नावावर टाकलंस. कोणी पकडलं नव्हतं गं. तूच शोधलंस, तूच शोधनिबंध मागे घेतलास.

आणि मला तुझी लाज वाटली. खरं तेच आहे. आता न्हाव्याला काय सांगू, एवढीच मला काळजी. खरं तर गिरणीवाल्याला हे चटकन कळायला हवं होतं. मक्यानंतर गहू टाकला की पहिलं ओंजळभर पीठ मी बाजूला काढतो, कारण गिरणीच्या पोटात मका उरलेला असतो. विसरलो, तर गिऱ्हाइकालाच ऐकवतो, तुमच्याच गव्हात मका होता म्हणून! तुला तसं म्हणता आलं असतं. तू म्हणाली नाहीस.

आई सांगत होती, सुट्टीत तू येणार नाहीस. ‘बाबांना कुठल्या तोंडाने भेटू’ म्हणालीस. ऐकून जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काल न्हाव्याच्या दुकानात सगळ्या खुर्च्या भरलेल्या असताना उभा राहिलो आणि झाकणाची चूक सांगितली, ती कोणी शोधली तेही सांगितलं. न्हावी म्हणाला, “अहो, मग इतके दिवस तोंड पाडून का बसला होतात?” पोरी, घरी ये. तोंड लपवायचं असेल तर ते मी लपवायला हवं. शोधनिबंध मागे घेतल्यावर रविवारी दुपारी तू फोन केलास आणि आई म्हणाली, बाबा झोपलेत. मी झोपलो नव्हतो. तिच्या समोरच बसलो होतो, हाताने नाही-नाही अशी खूण करत.

तुझाच,
पिठाने माखलेला बाबा